पदवीच्या पुढची पायरी

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी पाककृती देतात, कोणी प्रवासवर्णन लिहितात, कोणी परिसराच्या जुन्या आठवणी सांगतात. यंदा इतिहासाचे पान माझ्याकडे आले. राजेरजवाड्यांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून मी एका प्रश्नाचा इतिहास लिहावयाचे ठरविले. तो प्रश्न आपणा सर्वांच्या घरी हल्ली वरचेवर ऐकू येतो. मुलगी बी. ए. किंवा बी. एस्सी. होते, पेढे वाटले जातात, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच कोणी तरी वडीलधारे माणूस म्हणते, "पदवी झाली ना? मग आता पुरे. आणखी शिकून काय करायचे आहे?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. खर्चाची काळजी असते, लग्नाची काळजी असते, मुलगी दूर जाईल ही धास्तीही असते. पण उत्तर देताना आपण बहुधा नोकरी आणि पगार एवढ्याच भाषेत बोलतो, आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते, कारण एम. एस्सी. किंवा पीएच. डी. झालेल्या प्रत्येकीला मोठा पगार मिळतोच असे नाही. या प्रश्नाला दुसरे उत्तर आहे. ते आपल्याच प्रांतात वावरलेल्या काही स्त्रियांच्या आयुष्यात लिहिलेले आहे.

आधी पदवीपर्यंतची वाट कशी होती ते पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण त्याचे दार स्त्रियांसाठी उघडावयास १८८३ साल उजाडले. त्यानंतर काही वर्षांतच नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांनी मिळविलेल्या गुणांवर विलायतेस जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. परंतु ती स्त्रीला देता येत नाही, असे उत्तर आले. मग इंग्लंडमधील काही सहृदय मंडळींनी पैसे जमविले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची वरिष्ठ परीक्षा दिली. पदवी मात्र हाती पडली १९२२ साली, तब्बल तीस वर्षांनी. कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पण पदवी देत नसे. मधल्या तीस वर्षांत कॉर्नेलियाबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. पडद्यात राहणाऱ्या ज्या स्त्रियांना पुरुष वकिलासमोर येता येत नसे, त्यांच्या मिळकतीची आणि हक्कांची कामे त्यांनी पाहिली. पदवीचा कागद नव्हता, पण ज्ञान होते, आणि त्या ज्ञानाची गरज असलेल्या स्त्रिया दाराआड वाट पाहत होत्या.

आता पदवी आणि तिच्या पुढचे शिक्षण यांत फरक तो काय? माझ्या मते तो असा. पदवीपर्यंत आपण दुसऱ्यांनी शोधलेले समजून घेतो, ते नीट समजले की नाही याची परीक्षा देतो. पुढच्या शिक्षणात, विशेषतः संशोधनात, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही अशा एखाद्या प्रश्नापाशी दोनचार वर्षे बसावे लागते. मोजावे लागते, पुन्हा मोजावे लागते, आणि जे दिसेल ते सांगावे लागते. मग ते गुरूला आवडो वा न आवडो. हे शेवटचे सर्वांत कठीण. ते कसे असते याचे उदाहरण इरावतीबाई कर्वे यांनी घालून दिले आहे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच पुण्याच्या हुजूरपागेत पाठविले. पुढे त्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि १९२८ साली मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम. ए. झाल्या. त्यांचे यजमान दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. इरावतीबाईंनी जर्मनीस जाऊन आणखी शिकावे असे दिनकररावांना वाटत होते, पण खुद्द महर्षींना हा बेत पसंत नव्हता. ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, त्यांच्याच घरात "पदवी झाली, आता पुरे" हा प्रश्न उभा राहिला! हे मी महर्षींना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. एवढ्या थोर पुरुषालाही पदवीच्या पुढची पायरी चटकन दिसली नाही, तर आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांवर आपण रागावू नये, इतकेच माझे म्हणणे. अखेर डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन इरावतीबाई त्याच वर्षी बर्लिनला गेल्या.

तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, मानववंशशास्त्रातील त्या काळचे मोठे नाव. गोऱ्या युरोपीय माणसांच्या मेंदूची रचना इतर वंशांच्या माणसांहून वेगळी असते, त्यामुळे त्यांच्या कवटीच्या दोन बाजूंत विशिष्ट असमानता आढळेल आणि त्यातून त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व दिसेल, अशी त्यांची कल्पना होती. तेविशी ओलांडलेल्या या मराठी विद्यार्थिनीला त्यांनी हाच विषय तपासावयास दिला. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या. कवट्यांच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात हे खरे निघाले. पण त्या असमानतेचा आणि वंशाचा काही संबंध दिसला नाही. त्यांनी प्रबंधात तसे लिहिले. परका देश, डोक्यावर कर्ज, आणि पदवी देणे न देणे ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष! तरी त्यांनी मापे बदलली नाहीत. १९३० साली त्या पीएच. डी. झाल्या. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलरची राजवट आली, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि अशाच वंशविचारांचा आधार घेऊन त्या राजवटीने पुढे किती अनर्थ केला हे जग जाणते.

परत आल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षे महिला विद्यापीठात काम केले आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. मामा-आत्याच्या मुलांची लग्ने कुठे होतात, कुठे होत नाहीत, काका, मामा, नणंद, जाऊ यांना कोणत्या भाषेत काय म्हणतात, असल्या आपल्या रोजच्या बोलण्यातल्या गोष्टी गोळा करीत त्या देशभर हिंडल्या. त्यातून भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ साली निघाला. महाभारतावरील त्यांचे 'युगान्त' तर आपणांपैकी अनेकींनी वाचले असेल. त्याला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाती सर्वच घरांत असतात. त्यांतली रीत शोधून काढावयास शिकलेली नजर लागते, आणि ती नजर त्यांनी कवट्या मोजता मोजता कमावली होती.

दुसरी हकीकत कमलाबाई सोहोनी यांची. माहेरच्या त्या कमला भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्या, तेव्हा आपणही त्याच संस्थेत जावयाचे हे त्यांनी धरूनच चालले होते. अर्ज केला; नकार आला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, १९३० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे. स्त्रिया संशोधनास लायक नसतात असे त्यांचे मत होते.

कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि गांधीजींच्या मार्गाने त्यांनी हट्ट धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेदाखल. संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये! ही शेवटची अट वाचून संताप येतो. कमलाबाईंनाही तिचे शल्य पुढे कित्येक वर्षे होते. पण त्या वेळी त्यांनी मान खाली घालून काम केले. श्रीनिवासय्या नावाचे चांगले गुरू त्यांना लाभले. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने हा त्यांचा विषय होता. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एम. एस्सी. पुरी केली.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. तिथे त्यांनी वनस्पतींच्या श्वसनाचा अभ्यास केला, आणि त्यासाठी घेतला आपला साधा बटाटा. टोपलीत पडलेला बटाटाही श्वासोच्छ्वास करीत असतो. त्याच्या पेशीपेशीतून प्राणवायूचा उपयोग करून शक्ती निर्माण होते. या कामी लागणारे सायटोक्रोम-सी नावाचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे कमलाबाईंनी दाखविले. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. १९३९ साली त्या डॉक्टर झाल्या. विज्ञानात पीएच. डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतात. त्यांच्या आधी १९३१ साली जानकी अम्मल यांना अमेरिकेत वनस्पतिशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली होती, हेही लक्षात ठेवावे. आणखी एक गंमत: ज्या केंब्रिजने कमलाबाईंना डॉक्टर केले, त्याने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी देण्यास सुरुवात केली ती १९४८ साली.

स्वदेशी परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर येथे काम करून, १९४७ साली विवाह झाल्यानंतर त्या मुंबईस आल्या व विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. येथून पुढचा भाग आपल्या स्वयंपाकघरातला आहे. वाल आपण रात्री भिजत घालतो, मोड आणतो, सोलतो आणि मगच त्याचे बिरडे शिजवितो. कच्चे वाल कोणी खात नाही. का, असे विचारले तर आपण म्हणू, बाधतात. आजीने सांगितले आहे. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालासारख्या कडधान्यांतून एक द्रव्य वेगळे काढले, जे आपल्या पोटातील ट्रिप्सिन या पाचकरसाला काम करू देत नाही. त्यामुळे कच्च्या कडधान्यातील प्रथिने असूनही अंगी लागत नाहीत. नीट शिजविले म्हणजे या द्रव्याचा जोर बराचसा मोडतो. आजीचे म्हणणे बरोबर होतेच. ते का बरोबर, हे आता कळले. आणि कारण कळले म्हणजे, आजीने कधी न पाहिलेल्या धान्याबद्दलही विचार करता येतो.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताजी, न आंबलेली नीरा गोरगरिबांच्या मुलांना आणि गर्भवतींना पोषक ठरू शकेल काय, हा प्रश्न होता. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी दाखविले आणि या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या विज्ञानसंस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. तिच्या कार्यात कमलाबाईंनी मनापासून भाग घेतला, तिच्या 'कीमत' या नियतकालिकात लेख लिहिले, आणि १९८२-८३ साली तिचे अध्यक्षपद भूषविले. भेसळीबद्दल आपण सगळ्याच कुरकुर करतो. पण दुकानदार "बाई, माल चोख आहे" म्हणाला, की आपण गप्प बसतो, कारण आपल्यापाशी पुरावा नसतो. तपासून पाहिलेली एक बाई सोबत असली, म्हणजे कुरकुरीची तक्रार होते आणि तक्रारीची दखल घ्यावी लागते.

या दोन हकीकती शेजारी ठेवल्या म्हणजे मला एक गोष्ट दिसते. फिशर तज्ज्ञ होते, रामन तर जगन्मान्य शास्त्रज्ञ. दोघेही आपल्या शास्त्रात मोठे, आणि दोघेही एका बाबतीत साफ चुकले. "तज्ज्ञसुद्धा चुकतात, मग त्यांचे कशाला ऐकावे?" असे हल्ली पुष्कळ लोक म्हणतात, आणि मग आहाराबद्दल, औषधांबद्दल भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही संदेश खरा मानून मोकळे होतात. पण फिशर यांची चूक कोणी दाखविली? त्यांच्याइतक्याच काटेकोरपणे कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाईंनी. रामन यांचे मत कोणी बदलविले? वर्षभर त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याच कसोटीला उतरलेल्या कमलाबाईंनी. तज्ज्ञाची चूक आरडाओरड्याने सुधारत नाही. तिथे तेवढाच अभ्यास केलेले दुसरे माणूस लागते. आणि चूक जर स्त्रियांविषयी असेल, तर ते दुसरे माणूस बहुधा स्त्रीलाच व्हावे लागते. घराबाहेर जे निर्णय होतात, औषध किती द्यावे, पाण्यात काय असावे, पाठ्यपुस्तकात काय यावे, ते तज्ज्ञांच्या टेबलाभोवती होतात. तिथल्या खुर्चीवर बसण्यास पदवी पुरत नाही.

कोणी म्हणेल, पीएच. डी.शिवाय कोणी तज्ज्ञ होत नाही काय? होतात. अण्णा मणी यांचेच पाहा. त्रावणकोरात १९१८ साली जन्मलेल्या अण्णाबाई १९४० पासून त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे व माणके यांवर संशोधन करीत होत्या. १९४५ साली त्यांनी प्रबंध सादर केला, पण एम. एस्सी. नाही एवढ्या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. नाकारली. त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. पाऊस, वारा, ऊन मोजावयाची साधी उपकरणेही त्या वेळी परदेशांतून येत. अण्णाबाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार केले, आणि ती येथेच बनू लागली. पावसाचा आकडा आपण वर्तमानपत्रात वाचतो, तो विश्वासार्ह असावा म्हणून या बाईंनी पुण्यात बसून वर्षानुवर्षे खपून काम केले. १९७६ साली त्या हवामान खात्यातून उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. म्हणजे कागद नसला तरी तज्ज्ञता येऊ शकते. पण ती अभ्यासाशिवाय आलेली नाही. विद्यापीठाने नाकारला तो फक्त कागद. पाच वर्षांचा अभ्यास त्यांच्याजवळच राहिला.

प्रत्येक मुलीने पीएच. डी. करावी असे मी म्हणत नाही. ज्या मुलीला प्रश्न पडत नाहीत, तिने केवळ नावामागे अक्षरे लागावीत म्हणून पाच वर्षे घालवू नयेत. या वाटेवर पैसा उशिरा येतो, प्रयोग फसतात, बरोबरीच्या मैत्रिणी संसाराला लागलेल्या असतात आणि आपण अजून विद्यार्थीच असतो. हे मुलीला आधी सांगावे. पण तिला खरोखर प्रश्न पडत असतील, तर खर्चाचा आणि वयाचा बाऊ मात्र करू नये. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत वरचे गुण मिळवून संशोधनवृत्ती मिळाली, तर दरमहा रक्कम मिळते. २०२३ साली ती ३७,००० रुपये करण्यात आली. या वृत्तीसाठी स्त्रियांना वयाच्या मर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. पीएच. डी.च्या काळात बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत २०१६ पासून आहे. कॉर्नेलियाबाईंना लोकांनी वर्गणी काढून पाठविले, इरावतीबाईंनी कर्ज काढले. त्या मानाने आजची वाट पुष्कळ सोपी आहे. आता अडते ते बहुधा आपल्या उंबरठ्यावरच.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलींचा सत्कार करतो, तो चालू ठेवावाच. त्याच समारंभात पदवीनंतर पुढे शिकणाऱ्या, आपल्या वस्तीतल्या निदान एका मुलीला बोलवावे. तिला नारळ देऊन खाली बसवू नये. अर्धा तास द्यावा आणि ती काय शोधते आहे, ते आपल्या भाषेत सांगावयास लावावे. आपण प्रश्न विचारावेत. तिचे काम समजले नाही तर पुन्हा विचारावे. समजावून सांगणे हाही तिच्या शिक्षणाचा भाग आहे. त्या सभेत मागच्या ओळीत आईच्या शेजारी बसलेली एखादी बी. एस्सी.ची मुलगी असेल, आणि तिच्या घरी त्या रात्री पुढच्या शिक्षणाचे बोलणे निघेल, तेव्हा तिच्या आईजवळ पगाराखेरीज सांगण्यासारखे आणखी काही असेल. कार्यकारिणीने याचा विचार करावा, ही विनंती.